पावसाळ्याआधीची काडतुसांची साठवण: कोल्हापूरच्या हवेत काडतुसं, दारू, टोप्या आणि छर्रे कसे टिकवावेत

काडतूस केवळ जुनं झालं म्हणून बिघडत नाही. ते ओलीने, उष्णतेने आणि अमोनियाने बिघडतं. चांगल्या कारखान्यात भरलेलं काडतूस कोरड्या, थंड जागी राहिलं तर कित्येक दशकांनीही नीट उडतं. अनेक उत्पादक साधारण दहा वर्षांचा हिशेब सांगतात, तो सावधगिरीचा आहे. तेच काडतूस गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, चामडी पट्ट्यात अडकवून ठेवलं तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याचा भरवसा उरत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात तिन्ही शत्रू हजर आहेत. जून ते सप्टेंबर हवा ओली असते, गगनबावडा-राधानगरीकडे तर कपाटातले कपडेही सादळतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते आणि गावाकडे गोठा घराला खेटून असतो. म्हणून या लेखात एकाच गोष्टीवर भर आहे: साठवणीचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायचं. मृग लागल्यावर केलेली धावपळ म्हणजे ओली हवा पेटीत कोंडून घेणं.

लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले शहरातले आणि आसपासचे नेमबाज, ज्यांच्याकडे पॉइंट टू टूची (.२२ इंच व्यासाची) काडतुसं आणि एअर रायफलचे छर्रे असतात. दुसरे आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी भागातले पीक संरक्षणाचे परवानाधारक, ज्यांच्याकडे बारा बोअर (छर्र्यांची काडतुसं उडवणारी) किंवा ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक असते.

आधी कायद्याचं

शस्त्र अधिनियम १९५९ मधली दारूगोळ्याची व्याख्या रुंद आहे. तिच्यात पूर्ण काडतुसाबरोबर त्याचे सुटे भागही येतात. काडतुसं बनवणं हा कलम ५ चा विषय आहे, त्याला वेगळा परवाना लागतो. परदेशात अनेक नेमबाज रिकामी टरफलं घरीच पुन्हा भरतात, त्यांच्या सामानाबद्दल भरपूर लिहिलेलंही सापडतं. आपल्याकडे वैयक्तिक बंदुकीच्या परवान्यावर ते करता येत नाही. इथे दारू आणि टोप्यांबद्दल (घोडा आदळताच दारू पेटवतात त्या) जे लिहिलं आहे ते ठासणीच्या बंदुकीसाठी परवान्यात नोंद असलेल्या साठ्यापुरतं आहे.

एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. ‘जास्त घेऊन ठेवू, टिकतात’ हा विचार त्या आकड्यापुढे चालत नाही. साठा कुठे ठेवला आहे हेही परवान्यावरच्या पत्त्याशी जुळलं पाहिजे. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यामुळे तिच्या छर्र्यांना ही अडचण नाही.

काय बिघडतं आणि का

काडतुसात चार गोष्टी असतात: टरफल, प्रायमर (ठोका बसताच पेटून दारू पेटवणारा भाग), दारू आणि गोळी किंवा छर्रे. प्रत्येकाचं बिघडणं वेगळं.

आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते, काहींत नायट्रोग्लिसरीनही मिसळलेलं असतं. हा पदार्थ तयार झाल्या दिवसापासून अगदी हळू विघटित होत राहतो आणि त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. हे वायू तिथेच राहिले तर विघटनाचा वेग वाढवतात. ते धरून ठेवण्यासाठी कारखान्यात डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक घालतात, प्रमाण साधारण एक टक्का. स्थिरक संपेपर्यंत दारू सुरक्षित. तो किती लवकर संपेल हे मुख्यतः तापमान ठरवतं. दर दहा अंशांना वेग दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो असं धरून चाला. २५ अंशांच्या खोलीत आणि ४५ अंशांच्या माळ्यावर ठेवलेल्या दारूचं आयुष्य म्हणूनच किमान चौपटीने वेगळं असतं. माळा ही दारूगोळ्याची जागा नव्हे, मग तो कितीही कोरडा असो.

ठासणीच्या बंदुकीची काळी दारू वेगळी. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं साधारण ७५, १५, १० असं मिश्रण. रासायनिकदृष्ट्या ती कोरडी राहिली तर जवळजवळ कायम टिकते, स्थिरकाची भानगड नाही. पण एकदा पाणी लागलं की सोरा विरघळून दाण्याच्या पृष्ठभागावर येतो आणि सुकल्यावर पांढरट कणांच्या रूपात दिसतो. मिश्रण फुटलेलं असतं. अशी दारू पुन्हा वाळवली तरी ती पूर्वीची होत नाही. वाळवण्याचा प्रयत्न हाच मुळात सगळ्यात घातक. चुलीशेजारी, तव्यावर, उन्हात पत्र्यावर, कुठेही नाही. गाठी झाल्या असतील तर त्या फोडायच्याही नाहीत.

प्रायमर आणि टोप्या यांच्यातलं मिश्रण ओलीबरोबर तेलालाही घाबरतं. गंजलेले नटबोल्ट सोडवायला वापरतात ती पातळ तेलं बारीक फटीतून आत झिरपतात आणि प्रायमर मरू शकतो. बंदूक पुसलेल्या तेलकट फडक्यात काडतुसं गुंडाळून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडायला हवी. पॉइंट टू टूच्या काडतुसात प्रायमरचं मिश्रण कडेच्या वळीत असतं आणि गोळीची पकडही सैल असते, त्यामुळे ते सर्वांत नाजूक.

पितळ आणि अमोनिया

हा मुद्दा आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्यावर थोडं थांबू.

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये एक कोडं होतं. पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांची पितळी टरफलं न उडवताच चिरत. चिरा उभ्या असत आणि टरफलाच्या तोंडापाशी सुरू होत. इंग्रजीत या प्रकाराला ऋतूवरूनच ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. दोष ऋतूचा नव्हता. पावसाळ्यात साठा घोड्यांच्या पागांमध्ये हलवत, तिथे जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटे आणि दमट हवेत तो ताणाखालच्या पितळेला खाई. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ही कारणमीमांसा मांडली. टरफल ठोकून-ओढून बनवलेलं असतं, त्याच्या धातूत ताण साठून राहतो. अमोनिया आणि ओल मिळाली की धातूच्या कणांच्या सीमांवरून चीर धावते.

आता आपलं घर पाहा. म्हशींचा गोठा आणि बंदुकीचं कपाट यांच्यामध्ये एकच भिंत. त्याच खोलीत उसासाठी आणलेली युरियाची पोती, त्यातलं एखादं फुटून सादळलेलं. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर पितळेलाही तो झोंबतो. खोली बदला. ते शक्य नसेल तर काडतुसं रबरी कडा असलेल्या घट्ट पेटीत ठेवा आणि पेटी गोठ्याच्या भिंतीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात.

पितळ चमकवायच्या बऱ्याच पॉलिशमध्येही अमोनिया असतो. काडतूस कळकलं म्हणून त्याला पॉलिश लावणं म्हणजे चिरेला आमंत्रण. चिंच-लिंबू घासणंही नको, ते आम्ल फटीत राहतं. फिनेल, संडास साफ करायचं आम्ल, ब्लीचिंग पावडर यांच्या बाटल्याही त्या कपाटात नकोत.

चामडी पट्टा हा दुसरा लपलेला शत्रू. चामडं कमावताना वापरलेली आम्लधर्मी द्रव्यं दमट हवेत पितळेवर हिरवा कळंक आणतात. पट्ट्याच्या कप्प्यात वर्षभर अडकलेलं काडतूस बाहेर काढा, कप्पा जिथे टेकतो तिथेच हिरवट कडं दिसेल. पट्टा वापरायचा तेवढ्यापुरता. घरी आलं की काडतुसं पुन्हा खोक्यात.

तयारी: सामान आणि जागा

लागतं ते असं. कडेला रबर आणि चिमट्याचं झाकण असलेला प्लॅस्टिकचा जाड डबा किंवा लष्करी पद्धतीची रबरी कडेची लोखंडी पेटी, १५ ते २० लिटरची. आपली नेहमीची पत्र्याची ट्रंक कुलपासाठी बरी, पण ती हवाबंद नसते. ट्रंकेच्या आत घट्ट डबा ठेवला तर दोन्ही कामं होतात. सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या चार-पाच पुड्या. एक डिजिटल आर्द्रतामापक, जो काही शे रुपयांत मिळतो. कायम शाईचा मार्कर, एक वही आणि लोहचुंबक.

आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. स्वस्त मापकात सात-आठ टक्क्यांची चूक सहज असते. तपासायची रीत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. पाणी वर तरंगता कामा नये. हे झाकण आणि मापक एका लहान हवाबंद डब्यात शेजारी ठेवा, मिठाचा स्पर्श मापकाला होऊ देऊ नका. दहा-बारा तासांनी मापक ७५ टक्के दाखवायला हवा. तो ८१ दाखवत असेल तर पुढे कायम ६ वजा करून वाचा. मापकाच्या पाठीवर हा फरक लिहून ठेवला की विसरायला होत नाही.

जागा निवडताना तापमान आधी, ओल नंतर. ओलीवर पेटीने मात करता येते, उष्णतेवर करता येत नाही. तळमजल्यावरची मधली खोली, जिची भिंत बाहेरच्या पश्चिम उन्हाला लागत नाही, ती उत्तम. जुन्या मातीच्या जाड भिंतींच्या वाड्यातली आतली खोली तर फारच चांगली. पेटी जमिनीवर टेकवू नका, फळीवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर दूर. स्वयंपाकघर, देवघरातला दिवा, इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिजची मागची बाजू, यांच्या जवळ नको. गाडीच्या डिकीत साठा ठेवणं उन्हाळ्यात माळ्याहून वाईट.

फ्रिजमध्ये ठेवावं का, असं विचारलं जातं. नको. थंड पितळ बाहेर काढताक्षणी त्यावर दव धरतं. घरातल्या माणसांच्या हाताशी दारूगोळा येतो, हेही आहेच.

पेटी भरणं, पायरीने

पहिली पायरी, फेब्रुवारी किंवा मार्चमधला कोरडा दिवस निवडा. दुपारी मापक ३० ते ४० टक्के दाखवत असेल तेव्हा सुरुवात करा.

दुसरी, सगळी काडतुसं टेबलावर काढा आणि एकेक पाहा. बंदूक त्या खोलीत नको. पितळ नुसतं काळपट झालं असेल तर हरकत नाही, तो नैसर्गिक थर आहे. हिरवी भुकटी कोरड्या सुती फडक्याने पुसल्यावर खाली धातू गुळगुळीत असेल तर काडतूस चालेल. खड्डे दिसले, उभी चीर दिसली, प्रायमरभोवती हिरवं जमलं असेल किंवा गोळी बोटाने हलत असेल तर ते बाद.

बारा बोअरच्या काडतुसाचा मागचा भाग पितळी दिसतो, पण अनेकदा तो पितळी मुलामा दिलेला लोखंडी पत्रा असतो. लोहचुंबक लावा. चिकटला तर तिथे कळंक नाही, गंज येणार आणि तो लवकर येणार. पुठ्ठ्याच्या नळीची जुनी काडतुसं ओलीने फुगतात. बंदुकीची फक्त नळी, दस्त्यापासून सुटी करून आणलेली, घ्या आणि तिचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून काडतूस नळीतल्या त्याच्या घरात (चेंबरमध्ये) सोडून पाहा. ते आपल्या वजनाने पूर्ण बसलं पाहिजे आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे. अंगठ्याने दाबावं लागत असेल तर ते उडवू नका. तोंडाची वळलेली कड उलगडली असेल आणि छर्रे खुळखुळत असतील तरीही बाद.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं फसतं. पेटीतलं पाणी हवेत कमी, पुठ्ठ्यात जास्त असतं. ३० अंशांवर आणि ८५ टक्के आर्द्रतेत २० लिटर हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम वाफ मावते. पण त्याच हवेत राहिलेल्या अर्ध्या किलो पुठ्ठ्याच्या खोक्यांनी साठ-सत्तर ग्रॅम पाणी पिऊन ठेवलेलं असतं. खोकी तशीच पेटीत घातली तर ते पाणी दिवसा वाफ होऊन बाहेर येतं आणि रात्री थंड पितळेवर बसतं. म्हणून खोकी उघडी करून, कुलूपबंद पण हवेशीर खोलीत, सावलीत दोन-तीन दिवस राहू द्या. फेब्रुवारीची हवा हे काम फुकट करून देते. पावसाळ्यातच भरायची वेळ आली तर अर्धा किलो पुठ्ठ्यामागे १५० ग्रॅम सिलिका जेल घाला. कोरडी खोकी असतील तर २० लिटरला ५० ग्रॅम पुरे.

चौथी, काडतुसं मूळ खोक्यातच परत ठेवा. खोक्यावर लॉट क्रमांक (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा) असतो. बाहेरच्या बाजूला खरेदीचा महिना-वर्ष मार्करने लिहा. सुटी काडतुसं डब्यात ओतली की कोणतं कधीचं हे कायमचं हरवतं आणि एका लॉटमध्ये दोष निघाला तर बाकीची ओळखता येत नाहीत.

पाचवी, जेलच्या पुड्या कडेला, काडतुसांना न टेकता ठेवा. मापक आत ठेवा, झाकण लावा आणि २४ तासांनी पाहा. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर झालं तर काम झालं. ६० च्या वर पितळ कळकायला आणि लोखंड गंजायला वेग येतो.

हवा खूप कोरडी करण्याचा हव्यास नको. नायट्रोसेल्युलोजच्या दारूत थोडी ओल कारखान्यानेच राखलेली असते. ती उडाली की दारू जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. घट्ट काडतुसावर याचा परिणाम हळू होतो, पण सुट्या दारूच्या डब्यात जेलची पुडी टाकणं चुकीचं आहे.

कपाटासाठी मिळणारे पाणी जमा होणारे डबे पेटीत नकोत. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि डबा कलंडला की ते खारं पाणी पितळ आणि लोखंड दोन्ही खातं. तांदूळ किंवा मिठाच्या पुड्यांचाही उपयोग नाही.

सहावी, वहीत तारीख, लॉट, नग आणि मापकाचा आकडा लिहा. ही वही परवान्यावरच्या नोंदींशी जुळती ठेवा. पेटीला कुलूप, किल्ली बंदुकीच्या किल्लीपासून वेगळी.

पेटी पावसाळ्यात शक्यतो उघडायची नाही. लागतील तेवढी काडतुसं जूनपूर्वी लहान डब्यात वेगळी काढून ठेवा. आकडा ५५ च्या वर गेला तरच जेल बदला. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी हिरवट झालं की ते भरलं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून ते परत कोरडं होतं, त्याहून जास्त तापवलं तर रंग मरतो. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून खाण्याच्या भांड्यात तापवू नका. जेल तापवताना दारूगोळा त्या खोलीत नसावा.

दारू आणि टोप्या

हा साठा थोडाच असावा आणि काडतुसांच्या पेटीत कधीही नसावा. दारू ज्या डब्यात आली त्यातच ठेवा. तो डबा मुद्दाम कमजोर बनवलेला असतो, म्हणजे आग लागली तर आतला दाब वाढण्याआधी तो फुटतो. तीच दारू जाड लोखंडी पेटीत कोंडली तर बॉम्ब तयार होतो. म्हणजे भरलेल्या काडतुसांना जी घट्ट लोखंडी पेटी चांगली, तीच दारूला घातक. दारूच्या डब्यासाठी इंचभर जाडीच्या फळ्यांचं लाकडी कपाट योग्य. काचेची बाटली, जुना चहाचा डबा, पाण्याची बाटली यांत ओतू नका. घरातलं कोणी ते दुसरं काही समजण्याचा धोका वेगळाच.

काळी दारू ठिणगीला फार हळवी आहे. लोखंडी चमचा, लोखंडी नरसाळं नको, तांब्या-पितळेचं वापरा. टोप्या त्यांच्या मूळ डबीत, दारूपासून वेगळ्या कपाटात. मोकळ्या बाटलीत शेकडो टोप्या एकत्र भरल्या तर एक उडाली की सगळ्या एकदम उडतात. कारखान्यातल्या खोक्यात प्रत्येक थर वेगळा ठेवलेला असतो तो यासाठीच.

ठासलेली बंदूक पावसाळाभर खुंटीला टांगून ठेवणं पूर्ण बंद करा. नळीतली दारू सादळते, नळी आतून गंजते, आणि बार उडेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

परवान्यानुसार बिनधुराची सुटी दारू जवळ असेल तर ती वर्षातून दोनदा उघडून पाहा. चांगल्या दारूला स्पिरिटसारखा, इथरसारखा सौम्य वास येतो. नाकात झोंबणारा आंबट वास, दाण्यांवर तांबूस धूळ, डब्याच्या आत गंज, झाकण उघडताच तांबडट वाफ, यांपैकी काहीही दिसलं तर स्थिरक संपला आहे. असा डबा घट्ट बंद करू नका. डबा हाताला कोमट लागला तर तो थेट पाण्याच्या बादलीत बुडवा, बादली घरापासून दूर सावलीत ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. उन्हात नको.

नेमबाजांसाठी

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य जिंकलं, त्याच प्रकारात पॉइंट टू टूचं काडतूस लागतं. या काडतुसाची गोळी शिशाची आणि बाहेरून मेणाचा थर दिलेली असते. हा थर नीट राहणं अचूकतेसाठी महत्त्वाचं. मेच्या उन्हात गाडीत राहिलेल्या खोक्यात मेण वितळून एका बाजूला उतरतं, गोळ्यांवर धूळ चिकटते आणि लक्ष्यावर गोळ्यांचा गट पसरतो. काडतूस उडतं, त्यामुळे दोष हाताला दिला जातो. खोकी गोळ्या वर करून ठेवा, गोळीला बोट लावू नका, आणि सांडलेली काडतुसं सरावाला वेगळी काढा.

स्पर्धेचा लॉट आणि सरावाचा लॉट वेगवेगळ्या डब्यांत. सरावाचा साठा जुना आधी या क्रमाने संपवा. स्पर्धेचा लॉट मात्र रायफलवर तपासून निवडलेला असतो, तो हंगामाच्या शेवटापर्यंत पुरेल असा राखा. वातानुकूलित खोलीतून रेंजवर आल्यावर डबा बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. नाहीतर थंड पितळेवर दव धरेल.

एअर रायफलचे छर्रे शिशाचे. त्यांच्यावर पांढरी भुकटी आली तर ते शिशाचे क्षार आहेत. दमट हवा आणि आम्लाची वाफ एकत्र आली की असं होतं. नवीन प्लायवूड किंवा लाकडी भुशाच्या बोर्डच्या कपाटातून अशी वाफ सुटत असते. व्हिनेगर किंवा लोणच्याच्या बरण्यांच्या शेजारीही नको. पांढरे छर्रे फुंकू नका, मुलांच्या हाती देऊ नका, वापरूही नका. धातूच्या मूळ डबीत, झाकणाभोवती चिकटपट्टी लावून, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, खाण्याआधी तर नक्कीच.

पूर आला तर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी निर्णय इशारा पातळीलाच घ्यावा. बंदूक आणि दारूगोळा पोलीस ठाण्यात किंवा ठेव ठेवण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करा. स्थलांतराच्या शाळेत किंवा पाहुण्यांच्या घरी घेऊन जाऊ नका.

काडतुसं पाण्याखाली गेली आणि पेटी आतून कोरडी निघाली तर ठीक. आत पाणी गेलं असेल तर पॉइंट टू टू आणि बारा बोअरचा सगळा साठा बाद धरा. रायफल-पिस्तुलाच्या सेंटरफायर काडतुसांत (बुडाच्या मध्यभागी प्रायमर असलेल्या) काही वाचतील, पण कोणती ते बाहेरून ओळखता येत नाही. पुराच्या पाण्यात गाळ, मैला आणि शेतातली खतं असतात, म्हणजे अमोनियाही आलाच. उन्हात पसरून, हेअर ड्रायरने किंवा चुलीवर वाळवायचं नाही.

जुनं काडतूस उडवताना

साठवण बिघडल्याचं पहिलं चिन्ह अनेकदा रेंजवर किंवा शेतात दिसतं. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला तसंच धरून ३० सेकंद थांबा. सादळलेला प्रायमर उशिरा पेटू शकतो. मगच बंदूक उघडा, चेहरा मागच्या बाजूच्या रेषेत न ठेवता. ठासणीच्या बंदुकीत किमान दोन मिनिटं थांबा.

आवाज नेहमीपेक्षा मंद आला, धक्का कमी जाणवला तर हे बार न उडण्यापेक्षा गंभीर. गोळी किंवा डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) नळीतच अडकलेला असू शकतो. पुढचं काडतूस घालू नका. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. अडकलेल्या नळीत दुसरा बार म्हणजे फाटलेली नळी आणि गेलेली बोटं.

एकाच लॉटमध्ये असं दोनदा झालं तर तो पूर्ण लॉट बाजूला ठेवा.

बाद मालाचं काय

विहिरीत टाकणं, शेतात पुरणं, चुलीत किंवा पाचटाच्या जाळात घालणं, भंगारवाल्याला देणं, यांपैकी काहीही नाही. पाचट पेटवताना बांधावर पुरलेलं काडतूस फुटलं तर पितळेचे तुकडे सगळीकडे उडतात. बाद काडतुसं वेगळ्या डब्यात, ‘बाद’ असं लिहून, नगांच्या यादीसह पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्या. पावती घ्या आणि वहीत नोंदवा. नाहीतर परवान्यावरचा हिशेब पुढे जुळणार नाही.

परवानाधारक वारल्यानंतर ट्रंकेच्या तळाशी जुनी काडतुसं सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. घरच्यांनी ती हातात घेऊन ठाण्यात जाऊ नये. आहेत तिथेच, कुलपात ठेवून आधी फोनने किंवा अर्जाने कळवावं आणि बंदुकीसोबत कशी जमा करायची ते विचारावं. परवाना वारसाच्या नावावर व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत घरात ठेवण्याचा अधिकार कोणालाच नसतो. वही नीट ठेवलेली असेल तर त्या घराचं निम्मं काम तिथेच होतं: किती नग, कधीचे, कोणत्या लॉटचे.